एक नॉब, सहा मिलिमीटर

आमच्या कूलरचा नॉब मागच्या उन्हाळ्यात तुटला. तुटला म्हणजे काय, ताट्या बदलायला कूलर फिरवताना माझंच कोपर लागलं, पण घरात अजून ते पोरानं केलं असं समजतात आणि मीही काही बोललो नाही. मग अख्खा एप्रिल आम्ही कूलर पकडीनं चालू-बंद केला. पकड कूलरच्या डोक्यावरच राहायची, आणि कुठं नळाचं काम निघालं की ती सापडायची नाही, म्हणजे मग कूलरही नाही आणि झोपही नाही.

बर्डीच्या बाजारात जाऊन नॉब आणला असता तर विषय तिथंच मिटला असता. निघालोच होतो, चपला पण घातल्या होत्या, तेवढ्यात पुतण्या आला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्यानं घरी थ्रीडी प्रिंटर, म्हणजे प्लास्टिक वितळवून थरावर थर देत वस्तू बनवणारं मशीन, जोडून ठेवलाय. "काका, विकत काऊन आणता? डिझाइन करा तुम्ही, मी प्रिंट मारून देतो." डिझाइन करा, असं तो म्हणाला जसं आपण चहा टाका म्हणतो. मी बँकेत, कॅशला. आयुष्यात शेवटचं ड्रॉइंग काढलं ते दहावीच्या भूमितीत, त्यातही कर्कटक दुसऱ्याचं होतं. पण पुतण्यासमोर नाही कसं म्हणायचं, चपला काढल्या.

आधी कॉम्प्युटरवर डिझाइन काढायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हेच ठरेना, त्यात पंधरा दिवस गेले. टिंकरकॅड म्हणून एक आहे, ब्राउझरमध्येच चालतं, तयार ठोकळे उचला, एकमेकांना चिकटवा, एकातून दुसरा वजा करा, झालं. मला तर ते इतकं आवडलं, पण पुतण्या म्हणे हे शाळेतली पोरं वापरतात, आणि माझा इगो आडवा आला. (आता सांगतो, नॉबसाठी तेच पुरलं असतं. त्याला सांगू नका.) ब्लेंडर फुकट आहे पण तो मुळात चित्रं, ॲनिमेशनवाल्यांचा, तिथं माप नंतर येतं आणि दिसणं आधी. ओपनस्कॅडमध्ये माउसनं रेघ काढायचीच सोय नाही, सगळं कोड लिहून, म्हणजे वर्तुळ पाहिजे तर अर्ज करा. ऑनशेप चांगलं, पण फुकटच्या प्लॅनमध्ये तुम्ही जे काढाल ते जगाला उघडं. माझा पहिला नॉब जगानं बघावा असं मला काही वाटलं नाही. फ्युजनचं घरगुती वापराचं लायसन फुकट आहे, त्यात एका वेळी १० डॉक्युमेंट एडिट करता येतात. मला एकच नॉब करायचा होता, तरी हे १० वाचून उगाच जीव घुसमटला, लग्नाच्या हॉलवर "१० वाजेपर्यंतच" लिहिलेलं असतं ना, तसं.

शेवटी फ्रीकॅड घेतलं. कारण सांगतो. हे सॉफ्टवेअर २००२ साली पहिल्यांदा आलं आणि त्याची १.० आवृत्ती निघाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. बावीस वर्षं बाप्पा! आमच्या गल्लीतल्या नालीचं काम एवढ्या निवांत चालू आहे, दुसरं काही मी बघितलं नव्हतं. म्हटलं हे आपल्या स्वभावाचं दिसून राहिलं. फक्त पुतण्याच्या पेनड्राइव्हमध्ये १.० च्या आधीची आवृत्ती पडली होती, मी तीच टाकून घेतली, कोण डाउनलोड करत बसेल. ह्याचं पुढं काय झालं ते येतंच.

उघडल्यावर पहिलाच प्रश्न, स्केच कोणत्या प्रतलावर काढू? एक्सवाय, एक्सझेड की वायझेड? अरे मला एक गोल काढायचाय! बरं, काढला गोल. काढला तर तो माउस लागला की सरकतो, फुगतो. का, तर म्हणे ह्याला अजून तीन डिग्री ऑफ फ्रीडम शिल्लक आहेत. म्हणजे गोल कुठं आहे ते दोन आकड्यांत सांगा आणि केवढा आहे तो तिसरा आकडा. ह्याला कन्स्ट्रेंट म्हणतात. सगळी बंधनं घातली की स्केच हिरवं होतं, आणि एक जास्त घातलं की भांडायला उठतं, की हे तुम्ही आधीच सांगितलंय. हिरवा रंग दिसायला मला तीन रात्री लागल्या. बायको मागून बघत होती, म्हणाली, "त्या गोलाचं सगळं स्वातंत्र्य काढून घेतलं तेव्हा कुठं तुम्ही खुश झाले." मी काही बोललो नाही.

माझी अडचण अशी की मी नागपूरचा. आपण पत्ता सांगतो तो, चौकातून सरळ या, पानठेला लागेल, त्याच्या थोडं पुढं. आणि माणूस येतो पण. इथं थोडं पुढं चालत नाही, कुठून किती मिलिमीटर पुढं ते सांगा. आणि हे खूळ आजचं नाही, १९६३ मध्ये आयव्हन सदरलँडनं अमेरिकेतल्या एमआयटीत स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला, स्क्रीनवर लाइट पेननं रेघा काढायच्या आणि ह्या दोघी समांतर ठेव म्हणून सांगायचं, तेव्हापासून बंधनं आहेतच. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे माझी वाट बघत होतं.

मग माप. इतवारीतून डिजिटल व्हर्नियर आणला (नॉबच्या कितीतरी पट किंमत, बायकोला अजून माहीत नाही). कूलरच्या स्विचची दांडी मोजली, ५.९७ मिलिमीटर. परत मोजली, ६.०४. पोरानं मोजली तर ६.११, तो म्हणे माझंच बरोबर. दांडी एका बाजूनं सपाट, इंग्रजी डी सारखी, त्या बाजूनं ४.५. मी आपलं सहाचं भोक ठेवलं आणि फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी नॉब आला, पिवळाधम्मक, हातात घेतला तर खरं सांगतो छाती भरून आली. आणि बसेचना. सहाच्या दांडीवर सहाचं भोक बसत नाही, प्लास्टिक वितळून पसरतं, भोक बारीक होतं, दोन-तीन दशांश मिलिमीटर जागा सोडावी लागते. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, म्हणजे पुतण्या सांगत होता, मी ऐकून नाही राहिलो. दुसऱ्या वेळी मी उदार झालो, अर्धा मिलिमीटर सोडला, तर तो दांडीवर भवऱ्यासारखा फिरे.

तिसरा एकदम बरोबर होता असं पुतण्या म्हणतो. मी तो त्याच्याकडून घेतला, स्कूटरच्या समोरच्या कप्प्यात टाकला आणि भर दुपारी धरमपेठेत एका कामाला गेलो, गाडी उन्हात. मे महिना. पीएलए नावाचं ते प्लास्टिक साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं, आणि मेमध्ये दुपारी उभ्या गाडीच्या काळ्या कप्प्याला साठ म्हणजे काहीच नाही. परत आलो तर नॉबचा गुलाबजाम झाला होता, एका बाजूनं चेपलेला.

चौथा बसला. घट्ट, सुंदर, टक टक आवाज. घरात सगळ्यांना बोलावून फिरवून दाखवला आणि मग लक्षात आलं की कूलर चालू आहे आणि काटा बंदवर आहे. झालं असं की काट्याची रेघ मी वरून बघून काढली आणि भोकाची सपाट बाजू खालून बघून, आणि खालून बघताना सगळं उलट. आता काटा बंदवर असला की मधली स्पीड चालते, मध्यमवर नेला की बंद होतो, आणि लो आणि हायची अदलाबदल.

दोन मिनिटांचं काम, म्हटलं, सपाट बाजू फिरवून टाकू. फिरवली, आणि पुढचं सगळं लाल, म्हणजे चूक. काट्याची रेघ नॉबच्या भलत्याच अंगाला जाऊन चिकटली. पुतण्यानं समजावलं ते असं, की सॉफ्टवेअर प्रत्येक बाजूला नंबर देतं. आपल्याकडं लेआउटमध्ये प्लॉट नंबर असतात तसे. मधल्या एका प्लॉटचे कोणी दोन तुकडे केले आणि सगळे नंबर परत लावले, तर तुमची कुरिअर शेजाऱ्याकडं जाणारच. १.० मध्ये हे बरंचसं सुधारलंय म्हणे, आणि माझ्याकडं ते नव्हतं, का नव्हतं ते वर आलंच आहे.

तर नॉब तसाच आहे. घरच्यांना पाठ झालंय, पोरगा तर शाळेतल्या मित्रांना शिकवतो, आमच्याकडं बंद म्हणजे मध्यम. पाहुण्यांना सांगायचं तेवढं राहून जातं. परवा वर्ध्याहून आत्या आली होती मुक्कामाला, वय ऐंशीच्या वर, कानानं कमी ऐकू येतं. रात्री तिला गार लागलं असेल, तिनं उठून काटा बंदवर नेला, पांघरूण घेतलं आणि झोपली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "मोठा चांगला कूलर आहे रे तुमचा. बंद केला तरी रात्रभर गार हवा येऊन राहिली."