बॅबिलोनचा महाल बघताना पायाखालीही बघा

इराकमध्ये तैनात असलेल्या सैनिकांनी सद्दामच्या महालांत काढलेले फोटो २००३ पासून फिरताहेत. त्यांतले बरेच बॅबिलोन या प्राचीन शहराच्या अवशेषांमधल्या टेकडीवरच्या महालातले. रिकामी दालनं, छतावर रंगवलेलं प्राचीन बॅबिलोन, लुटारूंनी उचकटून नेलेल्या वायरी आणि नळ, भिंतींवर खरडलेली नावं. हे फोटो काढण्यात काही वाईट नाही. जिथे सामान्य इराकी माणसाला फिरकताही येत नव्हतं, तिथे आता कुणीही चालतंय, हे चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की बघणाऱ्याची नजर संगमरवरावर खिळून राहते, आणि खरं नुकसान झालंय ते खाली, मातीत.

ही टेकडीच मुळात कृत्रिम. १९९१ च्या आखाती युद्धानंतर, निर्बंधांमुळे देशात औषधांची टंचाई असताना, सद्दामने इथलं कवारिश गाव उठवलं आणि मातीचा ढीग रचून वर महाल बांधला. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, प्राचीन बॅबिलोनचा राजा नेबुकद्नेझर याच्या राजवाड्याच्या मूळ पायावरच नव्या विटांच्या भिंती चढवल्या होत्या. नेबुकद्नेझर विटांवर आपल्या नावाचा शिक्का मारायचा, म्हणून सद्दामनेही आपल्या नावाचा मारून घेतला. दिखाऊपणा एक वेळ सोडून देऊ, पण बांधकाम म्हणूनही हे चूक. युफ्रेटिस नदीच्या काठी जमिनीखालचं पाणी फार खोल नाही, माती खारट. ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि क्षार विटेत साठतात. जुन्या मातीच्या बांधकामातून ओल बाहेर पडायला वाट असते, सिमेंट ती वाट अडवतं. मग लोणा लागतो तो सिमेंटशेजारच्या जुन्या विटेला, आणि आधी तीच भुगा होऊन झडते.

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन मरीन इथे आले, सप्टेंबरमध्ये तळ पोलंडच्या नेतृत्वाखालच्या तुकडीकडे गेला आणि २००४ च्या अखेरीस उठला. सैन्य आल्यामुळे इथली लूट थांबली, हे मान्य करायलाच हवं. त्याच काळात दक्षिणेकडे उम्मा आणि इसिन या प्राचीन शहरांच्या अवशेषांची लुटारूंनी चाळणी केली. पण राखण करायची तर पहारा बाहेरून बसवायचा असतो. इथे छावणीच अवशेषांच्या आत थाटली.

ब्रिटिश म्युझियमच्या जॉन कर्टिस यांचा जानेवारी २००५ चा अहवाल वाचावा. सुमारे तीन लाख चौरस मीटरवर खडी पसरलेली, काही ठिकाणी दाबून बसवलेली. डझनभर खंदक, त्यांतला एक १७० मीटर लांब. मिरवणूक मार्गावरची २६०० वर्षांपूर्वीची फरसबंदी अवजड गाड्यांखाली फुटलेली. इश्तार दरवाजाच्या, म्हणजे प्राचीन शहराच्या वेशीच्या, पायातल्या ड्रॅगनच्या नऊ आकृतींच्या विटा खराब झालेल्या. २००४ च्या उन्हाळ्यात निनमाख देवळाचं छत कोसळलं, तेव्हाही पुरातत्त्वज्ञांनी हेलिकॉप्टरच्या हादऱ्यांकडेच बोट दाखवलं.

सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती वाळूच्या गोण्यांची. त्या जागेवरचीच माती खणून भरल्या, आणि त्या मातीत खापऱ्या होत्या, हाडं होती, विटांचे तुकडे होते. उत्खननात वस्तूइतकीच तिची जागा मोलाची असते: कोणत्या थरात, कशाच्या वर, कशाच्या शेजारी. गोणीत गेलेल्या खापरीचं वय ठरवण्याचा सर्वात भरवशाचा आधार गेला. आक्षेप आल्यावर बाहेरून माती आणली, तर ते आणखी वाईट. दुसरीकडची माती, तिच्यातल्या दुसऱ्या काळच्या खापऱ्या, सगळं इथल्या थरांत मिसळलं. खडीचंही तेच. ती यंत्राने खरवडली तर वरचा थर सोबत निघतो, आणि हाताने वेचायची म्हटली तर क्षेत्र अफाट. बॅबिलोनचा मोठा भाग अजून खणलेलाच नाही, म्हणजे न वाचलेल्या पानांवरच गाडी फिरली.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००७ मध्ये सैनिकांसाठी पुरातत्त्वाची माहिती छापलेले खेळायच्या पत्त्यांचे ४०,००० जोड काढले. कल्पना उत्तम, पण बॅबिलोनचा तळ तोवर उठलेला होता. एका पत्त्यावर बगदादजवळच्या तेसिफोन या प्राचीन शहराची कमान होती. त्याच कमानीच्या परिसरात नोव्हेंबर १९१५ मध्ये इंग्रजांची सहावी पूना डिव्हिजन लढली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. आपली माणसंही त्या मातीत राहिली आहेत, म्हणून हा विषय आपल्याला परका वाटू नये.

सैनिक असो की पर्यटक, तिथे जाणाऱ्याने आखलेली वाट सोडू नये, भिंतीवर चढू नये, जमिनीवर दिसलेला विटेचा तुकडा उचलून बघायचाही मोह टाळावा. खिशात टाकणं तर इराकच्या २००२ च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हाच. बॅबिलोन २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, पण ही माती काही पूर्ववत होणार नाही.

बसऱ्यात सद्दामच्या महालात २०१६ मध्ये संग्रहालय सुरू झालं. बॅबिलोनच्या महालाचंही तसंच व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आणि तिथल्या पहिल्याच दालनात, सिंहासनाची प्रतिकृती वगैरे न ठेवता, जमिनीचा उभा छेद मांडावा: खाली नेबुकद्नेझरच्या विटा, वर सद्दामचं सिमेंट, त्याच्यावर २००३ ची खडी.