आमचे तीन दिवस वाया गेले
स्वाइन फ्लूची महासाथ संपली म्हणून मुलांचा फ्लू सौम्य झाला असं समजू नका, हे तुमच्या लेखात लिहिलंत ते फार बरं केलंत. २००९ मध्ये पुण्याहून स्वाइन फ्लूच्या बातम्या यायच्या, तेव्हा आम्ही नाशिककरही तोंडाला रुमाल बांधून फिरत होतो. ऑगस्ट २०१० मध्ये महासाथ संपल्याचं जाहीर झालं, पण स्वाइन फ्लूचा तो विषाणू, एच१एन१, गेला कुठे? नेहमीच्या हंगामी फ्लूत मिसळून राहिलाय.

गेल्या पावसाळ्यात माझा अडीच वर्षांचा नातू तापला. आम्ही सिडकोत राहतो. जवळच्या दवाखान्यातून तीन दिवस अँटिबायोटिकचं सिरप मिळालं, जे विषाणूवर चालतच नाही! चौथ्या दिवशी श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. दाखल केलं, ऑक्सिजन लावला आणि तेव्हा कुठे ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू झालं. वजनानुसार डोस, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत या औषधाचा सर्वांत जास्त उपयोग होतो, पण आजार गंभीर असेल तर उशिरानेही देतात, हे तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं. पोर वाचलं.

प्रत्येक तापाला हे औषध लागत नाही, आणि मेडिकलमधून आपल्या मनाने तर आणूच नये. पण मूल पाच वर्षांच्या आतलं, त्यातही दोनच्या आतलं असेल, किंवा त्याला दमा असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा, 'हा फ्लू असू शकतो का?' फ्लूच्या तपासणीच्या रिपोर्टची वाट बघत औषध सुरू करणं लांबवायचं नसतं.

धाकट्या नातीला सहा महिने पूर्ण होताच फ्लूची लस दिली. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.