भित्यापाठी मिनीगेम

हॉरर गेम काढायचं मनात आलंय ना? मग एकच मोठा गेम करायच्या भानगडीत पडू नका. त्याला गोष्ट लागते, वातावरण लागतं, आणि खेळणाऱ्याला घाबरायला सवड द्यावी लागते. त्यापेक्षा पंधरा मिनीगेम करा आणि त्या गाठोड्याला 'संग्रह' म्हणा. एक गेम फसला तर तो फसतो. पंधरा फसले की त्याला वैविध्य म्हणतात.

पंधरा कल्पना सुचणार कुठून, याची चिंता नको. जोड्या जुळवायचा गेम घ्या, चित्रांच्या जागी कवट्या टाका. बिळातून डोकावणाऱ्या घुशीला हातोडा हाणायचा असतो ना, तिथे मुंडकी. फुग्यांऐवजी डोळे. सापाचा गेम तर आयताच आहे, सापाचं आतडं केलं की झालं. किंकाळी एकच घ्या, फुकटात मिळणारी, आणि पंधराही ठिकाणी तीच वाजवा. तिसऱ्या गेमपासून खेळणारा हेडफोन काढून ठेवतो. म्हणजे घाबरला, असं आपण धरायचं.

मी खेळलेल्या एका संग्रहातला सातवा गेम तुम्ही आदर्श म्हणून समोर ठेवा. अंधारा बोळ, हातात मेणबत्ती, टोकाला एक पाठमोरी बाई. खरं सांगतो, पोटात जरा गोळा आला. बाई सावकाश वळायला लागली, आणि नेमका त्याच क्षणी स्क्रीनच्या मधोमध चौकोन उघडला: 'पळण्यासाठी शिफ्ट दाबा.' बरोब्बर तिच्या तोंडावर. चौकोन बंद करेपर्यंत बाई भिंतीत घुसून अडकली होती. बाहेर राहिलं होतं फक्त एक कोपर, ते आचके देत होतं. शिफ्ट दाबलं, काही झालं नाही. मग मी नुसता उभा राहून ते कोपर बघत बसलो. वेळ संपली आणि सोनेरी अक्षरं झळकली: 'शाब्बास! तुम्ही वाचलात! ३ तारे.'

जुन्याजाणत्यांचे दाखले कुणी दिले तर कानाडोळा करा. म्हणे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झेडएक्स ८१ नावाच्या घरगुती संगणकावर 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ' हा गेम आला, तो १६ किलोबाइट मेमरीत बसायचा. आवाज नाही, रंग नाही. डायनोसॉर बराच वेळ दिसायचासुद्धा नाही; पावलं जवळ येताहेत, एवढीच एक ओळ खाली उमटायची, आणि माणसं चक्रव्यूहात गारठायची. वाट बघायला लावणं हीच भीती, वगैरे. तुमच्याकडे वाट बघायला वेळ कुठाय? तुमचा गेम नव्वद सेकंदांत संपतो. १९९९ च्या 'सायलेंट हिल' या हॉरर गेममधलं धुकंही असंच ऐकवतील: प्लेस्टेशनला लांबचं शहर काढणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्यात झाकलं, आणि तेच धुकं अंगावर आलं. धुकं तुम्हीही घ्या की. जोड्या जुळवायच्या गेममध्येही सोडा.

'आम्हाला वेळच कमी मिळाला' हे कारण मात्र जपून वापरा. २०२० च्या 'ड्रेड एक्स कलेक्शन'मध्ये दहा जणांनी सात-सात दिवसांत छोटे हॉरर गेम केले होते, आणि ते लोकांना आवडले. ही माहिती कुणी काढलीच, तर विषय बदला.

खरी मेहनत हिशोबात घ्यायची. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल, तर पैसे परत मागता येतात. म्हणजे गिऱ्हाइकाला दोन तास अडकवणं, एवढीच तुमची गेम डिझाइन. सुरुवातीचे लोगो वगळता येऊ देऊ नका. चौदा गेमना कुलपं घाला आणि मुंडकी हाणून शंभर किल्ल्या गोळा करायला लावा. हे सगळं होईतो घड्याळात दोन तास सात मिनिटं झालेली असतात. त्या क्षणी गिऱ्हाइकाचा चेहरा बघा: दातखीळ बसलेली, डोळे पांढरे. कोण म्हणतं तुमचा गेम घाबरवत नाही?

शिव्या येतील. प्रत्येकाला एकच उत्तर: 'दिवे घालवून खेळलात का?' फारच आरडाओरडा झाला तर एक अपडेट काढा आणि सातव्या गेममधलं ते कोपर तेवढं दुरुस्त करून टाका. रात्री दोनदा दचकून उठलो मी त्याच्यापायी.