बाहेर गेलात की ग्रीन कार्ड गेलं? त्या फॉरवर्डचं जरा बघूच

काल रात्री तो मेसेज परत आला, ह्या महिन्यात तिसऱ्यांदा, आणि ह्या वेळी पाठवणारी माझी चुलतबहीण, खाली एकच ओळ, "दादा हे खरंय का? तिकीट कॅन्सल करू?" मेसेज बऱ्याच जणांनी बघितला असेल, तरी थोडक्यात सांगतो. ग्रीन कार्डचा (अमेरिकेत कायम राहायच्या परवानगीचा) अर्ज पेंडिंग असताना अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की अर्ज आपोआप रद्द, पैसे बुडाले, रांगेत परत शेवटी. कॅनडा-मेक्सिको मात्र चालतं. एपीची (ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) रिसीट, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, हातात असली की पुरे. एपीवर परत आलात की एच वन (नोकरीचा व्हिसा) संपला. आणि शेवटी लाल अक्षरांत, घरी काहीही झालं तरी जाऊ नका!!

मी वकील नाही, पण माझा स्वतःचा अर्ज ऑक्टोबर २०२० पासून पडून आहे, तेव्हा ईबी थ्रीच्या (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा एक गट) भारतीयांसाठीच्या फाइलिंगच्या तारखा एकदम जानेवारी २०१५ वर गेल्या होत्या, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांना अर्ज टाकता येत होता, आणि आम्ही अर्धी कॉलनी डॉक्टरकडे मेडिकलला रांग लावून उभे होतो, त्यामुळे ह्या विषयात इतकी वर्षं लोळतोय की काही गोष्टी न विचारता कळल्यात.

आधी एक सांगा, "अर्ज" म्हणजे कुठला? आपल्यातले निम्मे लोक ज्याला ग्रीन कार्डचा अर्ज म्हणतात तो असतो आय-१४०, आणि तो तुमचा नसतोच, कंपनीने तुमच्यासाठी टाकलेला असतो. तो पेंडिंग असो नाहीतर मंजूर होऊन दहा वर्षं प्रायॉरिटी डेटची (रांगेतल्या आपल्या तारखेची) पाळी यायची वाट बघत असो, तुम्ही पुण्याला जा, बालीला जा, त्याला काही होत नाही. परत येताना स्टॅम्पिंगचं (पासपोर्टवर नवीन व्हिसा लावून घ्यायचं) टेन्शन असतं ते वेगळं. मेसेजमधली भीती आहे ती आय-४८५ ची, म्हणजे अमेरिकेत राहूनच स्टेटस बदलायचा जो अर्ज आपण स्वतः टाकतो त्याची.

आता तिथला नियम खरंच आहे, की तो पेंडिंग असताना ॲडव्हान्स परोल न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की एच वन, एच फोर (एच वनवाल्याचं कुटुंब), एल वन (कंपनीने बदली करून आणलेले), एल टू (त्यांचं कुटुंब) वाल्यांना हे लागू नाही, परत येताना व्हिसा व्हॅलिड हवा, स्टेटस टिकलेलं हवं आणि कामावर त्याच कंपनीत रुजू व्हायला हवं, बस. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य घेतलं आणि पुढचं खाल्लं. ह्याला आपल्याकडे ध चा मा म्हणतात.

ही सूट एफ वन (विद्यार्थी) वाल्यांना नाही, ओ वन (खास गुणवत्तेवाल्यांचा व्हिसा) ला नाही, टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे सिटिझनशी लग्न केलेल्यांना नाही. आणि एच वन सोडून अर्जावरच्या ईएडीवर (काम करायच्या परवान्यावर) दुसऱ्या कंपनीत गेलात तर तुम्हालाही नाही, कारण मग तुमचा एच वन राहिलाच कुठे. ह्या सगळ्यांनी एपीशिवाय विमानात बसू नये. म्हणजे मेसेज काही लोकांसाठी खरा आहे, आणि पाठवलाय मात्र सगळ्यांना सरसकट.

"रांगेत परत शेवटी" हे तर कुठून आणलं देव जाणे. नोकरीवरच्या केसमध्ये प्रायॉरिटी डेट येते मंजूर आय-१४० वरून, आय-४८५ गेला तरी ती तशीच राहते. पैसे बुडतात हे मात्र खरं, आणि नवीन अर्ज टाकताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं आणि त्या दिवशी तारीख करंट हवी, म्हणजे तुमची पाळी आलेली हवी, मधल्या काळात बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतची पाळी आली ते दर महिन्याला सांगणारं सरकारी पत्रक) मागे सरकलं तर बसा. वाईटच आहे, पण शून्यापासून सुरुवात असं नाही.

कॅनडा-मेक्सिको चालतं हे वाचून मी खरंच कपाळावर हात मारला, कारण बाकीच्या मुद्द्यांनी माणूस फार तर घरी बसेल, ह्या मुद्द्याने अर्ज जाईल. झालंय असं की व्हिसा संपलेला असला तरी आय-९४ (कधीपर्यंत राहता येईल ती एंट्रीची नोंद) व्हॅलिड असेल तर कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं, अशी एक सोय आहे. पण ती सोय पासपोर्टवरच्या स्टॅम्पची, तुमच्या आय-४८५ ची नाही. ज्याला एच-एलची सूट नाही आणि हातात एपी नाही त्याच्यासाठी नायगाराचा तो रेनबो ब्रिज ओलांडणं आणि मुंबईला जाणं सारखंच. क्रूझवाल्यांनी पण बघा, सिॲटलहून अलास्काला जाणारी बोट बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला थांबते आणि व्हिक्टोरिया कॅनडात आहे. हवाई, पोर्तो रिको, ग्वाम बिनधास्त करा, ती अमेरिकाच.

रिसीटचं एका ओळीत. रिसीट म्हणजे एपी नव्हे. एपी मंजूर व्हायच्या आधी निघालात तर एपीचा अर्जही जातो आणि सूट नसेल तर आय-४८५ ही जातो. पूर्वी एपी आय-४८५ च्या फीमध्येच यायचं, १ एप्रिल २०२४ पासून त्याचे वेगळे ६३० डॉलर झाले, त्यामुळे हल्ली कुटुंबात चार डोकी असली की लोक म्हणतात कशाला, नंतर बघू. आणि मग नंतर कधीतरी रात्री दोनला सांगलीहून फोन येतो.

मला आला होता, २०२२ च्या मार्चमध्ये, बाबांची बायपास. माझ्या पासपोर्टवरचा एच वनचा स्टॅम्प कधीच संपलेला, पण पाकिटात ते कॉम्बो कार्ड (ईएडी आणि एपी एकातच) होतं, ज्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं की हे एपी म्हणूनही चालेल. हिचं कार्ड आलेलं नव्हतं, तिचाही स्टॅम्प संपलेला, म्हणून ती आणि पोरगी इथेच थांबली, मी एकटा गेलो. प्रत्येकाचं एपी वेगळं लागतं, नवऱ्याच्या एपीवर बायको येत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. परत येताना न्यूअर्कला ऑफिसरने कार्ड बघितलं, एका पिवळ्या फोल्डरमध्ये पासपोर्ट घातला आणि आतल्या खोलीत पाठवलं. त्या खोलीत फोन वापरायचा नाही, समोर भिंतीवर घड्याळ, शेजारी एक आजी डब्यातले लाडू कस्टमवाले घेतील का म्हणून काळजीत. पावणेदोन तास. मग नाव पुकारलं, एक प्रश्न विचारला, कुठे काम करता, आणि शिक्का मारला, पुढच्या वर्षीच्या तारखेपर्यंत परोल. संपलं.

आणि एच वन? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कंपनीत त्याच खुर्चीत बसलो. कागदोपत्री एपीवर आलेला माणूस "परोली" असतो, एच वनवर दाखल झालेला नसतो, एवढं मेसेजचं बरोबर. पण मे २००० चा एक सरकारी मेमो आहे, त्यानुसार एच वनची मंजुरी व्हॅलिड असेल तर त्याच कंपनीत ईएडीशिवायही काम चालू ठेवता येतं, आणि पुढचं एक्स्टेंशन मंजूर झालं की परत एच वनमध्ये. माझं तसंच झालं.

उलट हल्ली एपी जवळ असणं जास्त कामाचं, कारण सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय स्टॅम्पिंग) जवळपास बंद झाला आणि डिसेंबरपासून एच वन, एच फोर वाल्यांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाल्यावर भारतातल्या अपॉइंटमेंटा कित्येक महिने पुढे गेल्या, बीकेसीत (मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत) मुलाखत म्हणून गेलेली माणसं तिकडेच अडकली. एपी असेल तर स्टॅम्पिंगला जायचीच गरज नाही. फक्त युरोपातून तिकीट काढताना ट्रान्झिटचे नियम बघा, एपी म्हणजे व्हिसा नाही. आणि तुम्ही बाहेर असताना आय-४८५ नाकारला गेला तर एपीचा काही उपयोग उरत नाही, म्हणून जमेल तितके दिवस एच वन पण जिवंत ठेवा.

"घरी काहीही झालं तरी जाऊ नका" ह्या ओळीचा मला खरा राग आहे. जवळचं माणूस आजारी असेल तर हॉस्पिटलचं पत्र घेऊन इमिग्रेशन खात्याच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून इमर्जन्सी एपीसाठी लोकल ऑफिसची अपॉइंटमेंट मागता येते. मिळेलच असं नाही, पण मागायचीच नाही हे कोणी ठरवलं?

तर बहिणीचं. ती ओपीटीवर (एफ वनवाल्यांना शिक्षणानंतर मिळणारी कामाची मुभा), नवरा सिटिझन, आय-४८५ उन्हाळ्यात टाकलाय, एपी पेंडिंग, आणि सख्ख्या भावाचं लग्न साताऱ्याला. म्हणजे ज्या मोजक्या लोकांना तो मेसेज लागू पडतो त्यातली ती एक, काय सांगणार. तिला म्हटलं रिसीटवर अजिबात निघू नकोस, पत्रिका जोडून एक्स्पिडाइट (लवकर निकाल) मागून बघ, आणि तिकीट अजून कॅन्सल करू नकोस, रिफंडची मुदत २० तारखेपर्यंत आहे. काकू मात्र माझ्यावर चिडल्यात, त्यांचं म्हणणं ग्रुपमध्ये तर लिहिलंय रिसीट चालते.