पाटणच्या भास्कराचार्यांना या पुराव्यात ओढू नका

‘ईश्वर तर्काने आणि गणिताने सिद्ध झाला’ असा एक संदेश जळगाव-धुळ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतो. त्यातले दावे चार. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसाच जगालाही कर्ता आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते, म्हणून पहिले कारण ईश्वर. भास्कराचार्यांनी शून्याच्या भागाकारातून ईश्वर सिद्ध केला. आणि आता संगणकानेही केला. ईश्वर आहे की नाही, हा इथला वाद नाही. या चार दाव्यांतून तो सिद्ध होतो का, एवढेच पाहायचे आहे. आणि तो होत नाही.

आधी भास्कराचार्य, कारण ते आपल्या घरचे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. ‘बीजगणित’ ग्रंथात ते तीन भागिले शून्य अशा राशीला ‘खहर’ म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती बदलत नाही. प्रलयात जीव सामावले आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडले तरी अनंत अच्युतात विकार होत नाही, तसे हे. श्लोकाच्या अखेरीस शब्द आहे ‘यद्वत्’, म्हणजे ‘ज्याप्रमाणे’. ही उपमा आहे. अच्युत वाचकाला ठाऊक आहे असे धरून त्यांनी संख्या समजावली. संख्येवरून अच्युत सिद्ध केला नाही.

‘पहिले कारण’ या दाव्याची अडचण तर त्यांच्याच लेखणीतून कळते, विषय वेगळा असला तरी. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, गोलाध्यायात, ते पृथ्वीच्या आधाराचा प्रश्न घेतात. पृथ्वीला कोणी मूर्त आधार मानला तर त्याला दुसरा लागेल, त्याला तिसरा, ही अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. शेवटच्या आधाराला स्वतःची शक्ती मानायचीच असेल, तर ती पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच, का मानू नये? हाच प्रश्न जगाबद्दल विचारा. ‘प्रत्येकाला कारण असते’ हे खरे असेल तर ईश्वरालाही कारण लागते. त्याला सूट द्यायची, तर जगाला का नाही? जाणकार आस्तिक हा दावा इतका ढिला मांडत नाहीत. ‘ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते’ असे ते म्हणतात, आणि ते जास्त भक्कम आहे. पण मग जगाला आरंभ आहे हे वेगळे दाखवावे लागते, आणि ते कारण जाणीव असलेले आहे हे त्याहून वेगळे. संदेशात या दोन्ही पायऱ्या गाळल्या आहेत.

संगणकाचे थोडक्यात. ईश्वर असलाच पाहिजे असे सांगणाऱ्या, तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेलच्या युक्तिवादाची २०१३ मध्ये संगणकावर तपासणी झाली. गृहीतके मान्य केली तर निष्कर्ष निघतो, एवढेच यंत्राने सांगितले. आवश्यक अस्तित्व, म्हणजे नसणे शक्यच नसणे, हा ‘भावात्मक’ म्हणजे चांगला गुण आहे, हे त्या गृहीतकांपैकी एक. ही तपासणी तर्कशास्त्रज्ञ डॅना स्कॉटने सुधारलेल्या मांडणीची होती. ग्योडेलच्या मूळ हस्तलिखितातली गृहीतके परस्परविरोधी असल्याचे याच यंत्रांनी दाखवले, हे कोणी पुढे पाठवत नाही.

आता घडा. हा युक्तिवाद परका नाही: पृथ्वी वगैरे कार्य, म्हणजे घडलेल्या वस्तू, आहेत, म्हणून त्यांना कर्ता आहे, घड्याप्रमाणे. न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त तो मोठ्या ताकदीने येतो. अनुमानाचा जीव व्याप्तीत, म्हणजे दोन गोष्टी नेहमी एकत्र असण्याच्या नियमात, असतो. धुरावरून अग्नी कळतो, कारण चुलीत दोन्ही एकत्र पाहिलेले असतात. घडे घडवणारा कुंभारही पाहिलेला असतो. जगे घडवणारा कोणी पाहिलेला नाही. सातव्या शतकातल्या बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने नेमके इथेच बोट ठेवले. केवळ मातीचा आकार झाला म्हणून कुंभार मानायचा, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल. बांधावरचे वारूळ बघा: माती तीच, आत वाटा, कप्पे. ते केलेले असते वाळवीने. ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे लागतो, कर्त्याची जात त्यातून कळत नाही.

हे फक्त नास्तिकांचे म्हणणे नाही. विष्णूचे परमभक्त रामानुजाचार्य श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात, हेच अनुमान फेटाळतात. घडे, वस्त्रे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे लोक करतात. मग जगाचा कर्ता एकच कशावरून? आणि आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी असतो, म्हणजे ईश्वरालाही देह मानावा लागेल. त्यांच्या मते ईश्वर कळतो तो शास्त्रातूनच.