‘सेट’ नव्हे, ‘रन’: एक खुलासा

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘सेट’ या शब्दाला आहेत, हा वारंवार फिरणारा दावा आता जुना झाला आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो मान खरोखरच ‘सेट’कडे होता, पुढे कोशाच्या फेरसंपादनात मात्र ‘रन’ या एकट्या क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा नोंदल्या गेल्या. माणूस धावतो, नळ वाहतो, यंत्र चालते, धुताना कापडाचा रंग जातो, उमेदवार निवडणूक लढवतो, या पाचही ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ चालते आणि मराठीला दर वेळी वेगळे क्रियापद लागते. म्हणूनच ‘रन म्हणजे धावणे’ एवढ्यावर मुलांची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. अर्थात, कोणती छटा स्वतंत्र धरायची हे कोशकार ठरवतात, त्यामुळे कोश बदलला की आकडाही बदलतो.