अंगठी पडली म्हणजे पिक्चर संपला?

तुमची कमेंट वाचली, राग वगैरे अजिबात नाही. तुमचं म्हणणं असं की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा आणि शेवटचा पिक्चर 'द रिटर्न ऑफ द किंग' ती दुष्ट अंगठी ज्वालामुखीत पडते तिथेच संपतो, पुढे नुसतं पाल्हाळ, आणि त्यावर मी रडले म्हणजे म्युझिकने मला बरोब्बर गुंडाळलं. शिवाय ती अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ऐनवेळी कच खातो, मग त्याच्यासाठी कशाला रडायचं?

आधी पटलेलं सांगते. दर वेळी पडदा काळा होतो, वाटतं झालं एकदाचं, आणि परत सुरू, हे डोक्यात जातंच. फ्रोडो शुद्धीवर येतो तेव्हाचा तो पलंगावरचा स्लो मोशन हास्यकल्लोळ तर निम्मा कापला असता तरी चाललं असतं (एकेक जण दारातून येतोय आणि नुसता हसतोय, किती ते!).

पण अहो, फ्रोडो कच खातो म्हणूनच तर एवढा लांब शेवट लागतो ना! त्याने अंगठी टाकलीच नाही, माझी आहे म्हणाला, बोटात घातली, अंगठीच्या हव्यासाने मागे लागलेल्या गॉलमने ते बोटच तोडलं आणि झटापटीत अंगठीसकट खाली गेला म्हणून जग वाचलं. म्हणजे अख्खी गर्दी ज्याच्यापुढे गुडघे टेकते त्याला आतून पक्कं माहितीय की शेवटच्या क्षणी आपण हरलो होतो. हे मनात घेऊन घरी आलेल्या माणसाचं काय होतं, ते दोन मिनिटांत कसं दाखवणार?

माझं रडू फ्रोडो कायमचा निरोप घेतो त्या बंदरावर नाही, गावी परतल्यावरच्या त्या पबमध्ये सुरू झालं. बाकीची मंडळी एका भल्यामोठ्या भोपळ्याचं कौतुक करतायत, मोहिमेवरून परतलेल्या या चौघांकडे, म्हणजे फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि त्यांचे दोन मित्र, कुणी ढुंकूनही बघत नाही, चौघं एकमेकांकडे बघतात आणि न बोलता प्याले उचलतात. मग सॅम उठून त्याला आवडणाऱ्या रोझीकडे जातो, त्याचं आयुष्य परत सुरू होतं. फ्रोडोचं होत नाही, चार वर्षांनंतरही मोहिमेत झालेली ती खांद्यावरची जखम दुखतेच आहे. मूळ कादंबरीचा लेखक टोल्किन स्वतः १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता, १९१८ पर्यंत त्याच्या जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे गेले होते. कथा दुसऱ्या महायुद्धाचं रूपक नाही हे त्याने ठणकावून सांगितलंय, तेव्हा मीही तसं म्हणत नाही, पण जिंकून आलेल्या माणसाला घर परकं वाटणं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती एवढं नक्की.

आणि लांबीचं म्हणाल तर तो शेवट एका पिक्चरचा नाहीच. २००१, २००२, २००३ अशी तीन वर्षं लोकांनी वाट बघितली, तिन्ही मिळून नऊ तासांच्या वर, त्याला वीसेक मिनिटांचा निरोप जास्त कसा?

बरं, तुमच्या हिशोबाने अंगठीपाशीच कापला तर फ्रोडो आणि सॅम लाव्हाच्या मधोमध खडकावर मरणाची वाट बघत पडलेले राहतात. तो शेवट तुम्हाला चालणारे का, ते आधी सांगा, मग भांडू.